इंडिकेटरचं बटण

यादीत तीनशे बारा गाड्या होत्या.
ओत्सोने एकेक फिरवून दाखवली,
बाजारात घोडा दाखवावा तशी, दातांसकट.
लाल, बुटक्या, पाठीला पंख लावलेल्या.
मी म्हटलं, ती बघ, कोपऱ्यातली, मळकट पिवळी,
चार दारांची, पुढच्या चाकांवर ओढणारी.
आई, ती कुणीच घेत नाही.
म्हणूनच तर.
तसल्याच गाडीत मी तेवीस वर्षं
कुसामोच्या पोरांना घसरायला शिकवते आहे.

मग त्याने विचारलं, खरेपणा किती ठेवू?
तिथे खरंच तसा एक खटका आहे:
मदत चालू, मदत निम्मी, मदत बंद.
आमच्या स्वयंपाकघरात असा खटका असता
तर त्याच्या बापाशी मी निम्म्यावर
कदाचित संसार केला असता.
बंद कर, म्हटलं. सगळी बंद.

पहिल्याच वळणाला झाडात.
दुसऱ्यांदा, त्याच झाडात.
अंगठ्याखाली इवलीशी दांडी, वाटाण्याएवढा तिचा प्रवास,
आणि माझ्या खांद्यांना सवय
अडीच फेऱ्यांच्या स्टिअरिंगची.
मधे थोडी जागा अशी, की हलवलं तरी काहीच होत नाही,
मग एकदम सगळंच होतं.
(सतरा वर्षांच्या मुलाशी बोलताना होतं तसं.)
उजवा पाय सोफ्याखाली शोधत राहिला
शिकवणाऱ्याचा तो जादा ब्रेक.
तिथे मांजर होतं.

गाडी सुटते ते आधी बुडाला कळतं,
डोळ्यांना नंतर; हे मी प्रत्येकाला सांगते.
सोफ्याला काही कळत नाही.
तळहातात तेवढी एक गुरगुर येते,
डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखी,
आणि ओत्सो त्या गुरगुरीवरून ओळखतो
कुठलं चाक खडीवर, कुठलं गवतावर.
मला आपला भुंगाच ऐकू येतो.

बर्फ मात्र त्यांनी एकच केलाय.
पांढरा, घसरडा, बस्स.
शून्य अंशावरचा ओला नाही,
लाकडाच्या ट्रकांनी घासून आरसा केलेला नाही,
पुलावरचा तो काळा, जो दिसतच नाही,
ज्याने हेल्वीच्या नवऱ्याला नेलं, तोही नाही.
रेनडिअर नाहीत. रस्त्याच्या मधोमध उभं राहून
सरकारी कारकुनासारखं तुमच्याकडे बघणारं एकही नाही.
मी तक्रार केली. तो म्हणाला,
आई, गेम आहे.
दहाच मिनिटांपूर्वी याच मुलाने
टायरमधली हवा दशांशात मोजली होती.

फेब्रुवारीत तो माझ्या बाजूला बसला,
खऱ्या स्टिअरिंगमागे, घसरणीच्या मैदानावर.
माझा पाय जादा ब्रेकच्या वर तरंगत, तयार.
साठावर पुढची चाकं सुटली
आणि त्याने ब्रेक करकचून दाबला नाही.
बाकी सगळे दाबतात.
गेल्या वर्षी चर्चच्या पाद्रीबाईंनीही दाबला होता, डोळे मिटून.
याने नुसता अर्धा पाय उचलला,
वाट पाहिली,
आणि डावा अंगठा स्टिअरिंगच्या कातड्यावर
वाटाण्याएवढा, नकळत, हलला.
जे मी तोंडाने सांगून दमले
ते त्या भुंग्याने शिकवून ठेवलं होतं.
कबूल करणं जड गेलं असतं,
केलं नाही.

पुढच्या फेरीत मात्र गरगरलो, पूर्ण दोनदा.
इंजिन बंद, तोंड आलो त्या दिशेला.
त्याचा हात हवेत काहीतरी चाचपत थांबला.
परत सुरुवातीपासून?
नाही रे. इथूनच.

आता तो गावभर गाडी घेऊन असतो
आणि रात्री कंट्रोलर माझ्याकडे.
मळकट पिवळी, जंगलातला रस्ता, ताशी चाळीस.
बाकीचे केव्हाच पोचून बक्षिसं घेऊन गेलेत,
घड्याळ लाल झालंय, मी बर्चची झाडं मोजते.
फाटा आला की सगळी बटणं दाबून बघते:
हॉर्न आहे, वायपर आहे, कॅमेरा उलटा होतो.
वळण्याआधी सांगायचं एकही नाही.
तेव्हा मी मोठ्याने म्हणते, उजवीकडे,
आणि मांजर
जरा सरकून बसतं.